अकॅडमीतला गुणी मुलगा एकविसाव्या वर्षी अडकतो, तेव्हा नेमके काय चुकलेले असते?

राखीव_बाक

नमस्कार. फुटबॉल मॅनेजर या संगणकावरील खेळातील माझ्या कारकिर्दीचा सहावा हंगाम नुकताच संपला. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब मी हाती घेतला, चौथ्या हंगामाअखेर तो प्रीमियर लीगमध्ये नेला आणि दोन वर्षे तिथे टिकवलाही. तरीही एक गोष्ट मनाला सतत लागून राहिली आहे.

पहिल्याच वर्षी मार्चमध्ये अकॅडमीतून मुलांची जी तुकडी आली, तिच्यात एक सोळा वर्षांचा मध्यरक्षक होता. सहायक प्रशिक्षकाने त्याच्या भावी क्षमतेला साडेचार तारे दिले होते. मी त्याला सतराव्या वर्षीच पहिल्या संघासोबत सरावाला घेतले. संचालक मंडळाकडे हट्ट धरून दोनदा युवा सुविधा वाढवून घेतल्या, चांगले प्रशिक्षक आणले आणि त्याला कोणत्याही मोठ्या क्लबला विकले नाही. आज तो एकवीस वर्षांचा आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याचे पासिंग १३ होते, आजही १३ आहे. निर्णयक्षमता १० वरून ११ वर आली. तोच सहायक आता त्याला भावी क्षमतेचे जेमतेम तीन तारे देतो.

क्लबला परवडेल ते सारे मी केले, अशी माझी समजूत आहे. मग अडले कुठे? जाणकारांनी अनुभवातून सांगावे. खेळातले सगळे आकडे दाखवणारा संपादक उघडून त्याचे लपलेले आकडे मी पाहिलेले नाहीत आणि पाहण्याची इच्छाही नाही.

पेनल्टी_क्षेत्र

तीन प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे मिळाली तर निदान सोपे जाईल. अठरा ते एकवीस या काळात तो सुरुवातीच्या अकरांत किती सामने खेळला? त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात कोणता शब्द आहे आणि सतराव्या वर्षी कोणता होता? मेंटरिंगच्या गटात, म्हणजे ज्येष्ठांच्या सहवासात तरुणांना घडवणाऱ्या गटात, तो कोणाबरोबर होता?

जुना_आराखडा

पेनल्टी_क्षेत्र यांचे प्रश्न योग्यच आहेत, पण त्याआधी ताऱ्यांविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण धागाकर्त्यांच्या दुःखाचा निम्मा भाग मला तिथूनच आलेला दिसतो.

खेळाच्या आत प्रत्येक खेळाडूची सध्याची क्षमता आणि भावी क्षमता २०० पैकी गुणांत साठवलेली असते. पासिंग, वेग, हेडिंग यांसारखे आपल्याला दिसणारे गुण १ ते २० या मापात असतात आणि सध्याच्या क्षमतेचे गुण त्यांच्यात वाटले जातात. तारे म्हणजे या संख्या नव्हेत. तारे हा तुमच्या प्रशिक्षकाचा अंदाज असतो आणि तो तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत बांधलेला असतो. दुसऱ्या श्रेणीतील संघात साडेचार ताऱ्यांचा दिसणारा मुलगा प्रीमियर लीगमधील संघात तीन ताऱ्यांचा दिसणारच, कारण ज्या खेळाडूंशी त्याला ताडून पाहायचे ते दरम्यान बदलले. त्याची क्षमता त्यामुळे कमी होत नाही.

अकॅडमीतून जन्मलेल्या अशा मुलाची भावी क्षमता परंपरेने जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही. खऱ्या तरुण खेळाडूंच्या बाबतीत मात्र माहितीसाठ्यात कधी कधी ऋण आकडा दिलेला असतो. तिथे उणे १० म्हणजे १७० ते २००, उणे ९ म्हणजे १५० ते १८० आणि उणे ८ म्हणजे १३० ते १६० यांमधील कोणतीही संख्या नव्या सेव्हच्या, म्हणजे नव्याने सुरू केलेल्या कारकिर्दीच्या, सुरुवातीला त्याच्या वाट्याला येते. एकाच खऱ्या मुलाला घेऊन दोघांनी दोन कारकिर्दी सुरू केल्या तर एकाकडे तो महान खेळाडू होतो आणि दुसऱ्याकडे नुसता चांगला, त्याचे हे कारण आहे. तरुणांविषयी अनुभव सांगताना आपला मुलगा यांपैकी कोणत्या प्रकारचा होता, हे प्रत्येकाने आधी सांगितले तर चर्चा भरकटणार नाही.

तेव्हा मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे इथे अर्धेच खरे मानावे. पाय दिसतात, पण ते पाहणाऱ्याची नजर किती तयार आहे हेही तपासावे लागते.

शिट्टी

भावी क्षमता ओळखण्याचा गुण त्या सहायकाचा किती आहे, ते आधी पाहा. तो १० च्या आसपास असेल तर त्याने दिलेल्या ताऱ्यांवर एवढा जीव टाकू नये.

राखीव_बाक

सर्वांचे आभार. शिट्टी, सहायकाचा तो गुण ११ आहे आणि मी तो आजवर कधीच पाहिला नव्हता.

पेनल्टी_क्षेत्र यांना उत्तरे देतो. तीन हंगामांत मिळून तो सुरुवातीपासून फक्त चौदा सामने खेळला आणि त्रेचाळीस वेळा बदली म्हणून मैदानात उतरला, तेही बहुधा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी. व्यक्तिमत्त्व आज ‘बॅलन्स्ड’ असे दिसते. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा सतराव्या वर्षी ‘फेअरली डिटरमाइन्ड’ होते असे आढळले. मेंटरिंगचा गट सहायकाने आपणहून लावला होता आणि मी त्यात कधी हात घातला नाही. त्या गटात आमचा तेव्हाचा कर्णधार आणि एक अनुभवी आघाडीपटू होता.

मधली_फळी

डिटरमाइन्डचा बॅलन्स्ड झाला, हे वाचूनच थांबलो. उत्तर बहुतांशी तिथे आहे.

जुन्या आवृत्त्यांमध्ये एका मुलाला एका ज्येष्ठ खेळाडूच्या हाताखाली देता येत असे. २०१९ च्या आवृत्तीपासून त्या जागी मेंटरिंगचे गट आले आणि गटात किमान तीन खेळाडू असावे लागतात. संघात ज्याचे वजन जास्त, त्याचा स्वभाव हळूहळू इतरांत उतरतो. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, त्याचे इतके चोख गणित मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेले नाही. कर्णधार मैदानावर कितीही मोठा असो, त्याची जिद्द ८ असेल तर तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाची १५ जिद्द तो खाली ओढतो. हे एका रात्रीत होत नाही, दोन वर्षांत होते, आणि म्हणूनच लक्षात येत नाही.

मी स्वतः हे भोगले आहे. माझ्या संघात संताप लवकर येणारा, पण गुणांनी अव्वल असा एक बचावपटू होता. प्रेक्षकांचा तो लाडका असल्यामुळे मी अकॅडमीतल्या तीन मुलांना त्याच्या गटात ठेवले. अडीच हंगामांनंतर त्या तिघांपैकी एकाच्याही सरावाचा शेरा समाधानकारक येत नव्हता. मुले बिघडवणारा हात माझाच होता, हे समजल्यावर मी आठवडाभर ती सेव्ह उघडली नाही.

जिद्द आपल्याला दिसते, पण मुलाची वाढ ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते तो व्यावसायिकपणाचा गुण आणि महत्त्वाकांक्षा, हे दोन्ही लपलेले असतात. ते ओळखायचे तर व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यातला शब्द वाचायला शिकावे लागते. ‘मॉडेल प्रोफेशनल’, ‘मॉडेल सिटिझन’, ‘परफेक्शनिस्ट’, ‘प्रोफेशनल’ हे शब्द ज्याच्यापुढे असतील तो चौतिशीचा, फारसा न खेळणारा खेळाडूसुद्धा मी केवळ मुलांसाठी संघात ठेवतो. त्याचा पगार हा माझ्या दृष्टीने अकॅडमीचाच खर्च आहे.

कोपऱ्यातली_किक

मधली_फळी यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक भर घालतो. युवा विकास प्रमुख नेमताना आपण त्याचे प्रशिक्षणाचे आकडे पाहतो आणि स्वभाव पाहत नाही. नव्याने जन्मणाऱ्या मुलांच्या स्वभावावर त्याच्या स्वभावाची छाप पडते. सुविधा वाढवायला वर्ष-दोन वर्षे आणि मोठी रक्कम लागते, चांगल्या स्वभावाचा प्रमुख मात्र पुढच्या तुकडीच्या आधी आणता येतो. लहान क्लबने सुरुवात इथून करावी.

डावा_पाय

स्वभावाचे महत्त्व मान्य, पण माझ्या मते खरे कारण ते चौदा सामने आहेत.

या खेळातील मुलाची वाढ ढोबळमानाने दोन टप्प्यांत होते. अठरापर्यंत सराव, प्रशिक्षक आणि सुविधा यांचा वाटा मोठा असतो. अठरानंतर सामन्यांचा वाटा वाढत जातो आणि सामना म्हणजे त्याच्या पातळीला साजेशा श्रेणीतील पूर्ण सामना. शेवटची पंधरा मिनिटे खेळणारा मुलगा पहिल्या संघाबरोबर उत्तम सराव करतो, मोठ्या खेळाडूंच्या सहवासात राहतो आणि तरीही जागीच थांबतो. धागाकर्त्यांनी त्याला विकले नाही हे चांगलेच केले, पण त्याला लोनवर, म्हणजे काही काळापुरते दुसऱ्या क्लबकडे, पण पाठवले नाही, आणि प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर त्याच्या जागी त्याच्याहून तयार खेळाडू विकत घेतले असणार.

प्रत्यक्ष फुटबॉलमध्ये हॅरी केनचे उदाहरण मला नेहमी आठवते. २०११ ते २०१३ या काळात टॉटनहॅमने त्याला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर अशा चार क्लबांकडे लोनवर पाठवले. सगळीकडे तो चमकला असे अजिबात नाही, लेस्टरमध्ये तर तो बरेचदा बाकावरच होता. तरीही २०१५-१६ च्या हंगामात प्रीमियर लीगमधील सर्वाधिक गोल त्याच्या नावावर होते. डेव्हिड बेकमसुद्धा १९९५ मध्ये प्रेस्टनकडे लोनवर जाऊन पाच सामने खेळून आला होता.

लोनचा करार करताना मी तीन गोष्टी पाहतो. खेळण्याच्या वेळेविषयी त्या क्लबकडून नेमके आश्वासन घेतो, मुलाला त्याच्याच जागी खेळवण्याची अट घालतो, आणि मध्यावर परत बोलावण्याचा हक्क राखून ठेवतो. ज्या क्लबच्या सराव सुविधा अगदीच निकृष्ट आहेत तिथे मात्र पाठवत नाही. परदेशी लोनवर फिफाची मर्यादा आहे, १ जुलै २०२४ पासून एका क्लबला बाहेर सहा आणि आत सहा इतकीच परवानगी आहे. पण एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबमध्येच घडलेले खेळाडू त्या मोजणीत येत नाहीत. नियमाने मोकळी ठेवलेली ही वाट आहे, तिचा उपयोग करावा.

उंच_चेंडू

डावा_पाय, मी इथे थोडा वेगळा विचार मांडतो. लोन हा रामबाण उपाय नाही. माझा एक मुलगा घसरगुंडीला लागलेल्या संघाकडे गेला, चाळीस सामने खेळला, त्यांतले पंचवीस हरला आणि दहापैकी सरासरी ६.४ गुण घेऊन परतला. सामने भरपूर झाले, वाढ नगण्य. नुसती मिनिटे पुरत नाहीत, त्या मिनिटांत त्याची कामगिरीही बरी व्हावी लागते. म्हणून मी आता मुलाला त्याच्या कुवतीपेक्षा एक पायरी खालच्या श्रेणीत पाठवतो, कारण तिथे तो संघातला महत्त्वाचा माणूस असतो आणि आत्मविश्वासाने खेळतो. लोनवर असताना मेंटरिंग तुमच्या हातात राहत नाही, हेही विसरू नये.

दुसरे असे की सतराव्या वर्षी पहिल्या संघात नेणे हीच मला घाई वाटते. पी हळद आणि हो गोरी, असे इथे होत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांखालील संघात दर आठवड्याला नव्वद मिनिटे मिळतात आणि त्याच्या वयाला साजेसा सरावही मिळतो.

जुना_आराखडा

उंच_चेंडू यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर एक सूचना. अठरा वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक पहिल्या संघाच्या प्रशिक्षकांपेक्षा बरेच कमकुवत असतील, तर मुलाने सराव पहिल्या संघाबरोबर करावा आणि सामने युवा संघासाठी खेळावेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, त्यांतील एकच निवडण्याची गरज नसते.

लांब_पल्ल्याचा_पास

मी पंधरा हंगामांपासून ॲथलेटिक बिल्बाओची कारकीर्द खेळत आहे. केवळ बास्क प्रदेशाशी नाते असलेलेच खेळाडू घेण्याचे धोरण तिथे आहे. खऱ्या आयुष्यात हे धोरण पाळूनही तो क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून आजवर कधीच खाली गेलेला नाही, आणि २०२४ मध्ये त्याने चाळीस वर्षांनी कोपा डेल रे जिंकला.

तिथे बाजारातून चूक सुधारण्याची सोय जवळपास नसते, म्हणून प्रत्येक मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. धागाकर्त्यांच्या जागी मी असतो तर हा एक मुलगा मोठा का झाला नाही यापेक्षा त्याच तुकडीतील बाकी मुले कुठे आहेत, हा प्रश्न आधी विचारला असता. साडेचार ताऱ्यांच्या मुलावर सर्वांची नजर असते, तेव्हा तीन ताऱ्यांचा पण ‘रेझोल्यूट’ स्वभावाचा एखादा बचावपटू कोणालाही दिसत नाही. माझ्या संघाचा आजचा कर्णधार असाच आला. अठराव्या वर्षी मी त्याला करारमुक्त करणार होतो, केवळ बी संघात जागा रिकामी होती म्हणून ठेवला. चोविसाव्या वर्षी तो पहिल्या संघात स्थिरावला. स्पेनमध्ये बी संघ खालच्या श्रेणीतील खऱ्या लीगमध्ये खेळतो, त्यामुळे मुलाला आपल्याच क्लबमध्ये राहून प्रौढांविरुद्ध खेळता येते. इंग्लंडमध्ये ती सोय नाही आणि लोनचे महत्त्व तिथे वाढते ते यामुळेच.

गोलजाळी

गोलरक्षकांविषयी कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. एकविसाव्या वर्षी थांबलेला वाटणारा गोलरक्षक पंचविशीनंतरही वाढतो, त्याला मध्यरक्षकाचे वेळापत्रक लावू नये.

उशिरा फुलण्याचे उदाहरण गोलरक्षकांपुरते नाही. जेमी व्हार्डी पंचवीस वर्षांचा असताना, २०१२ मध्ये, लीगबाहेरच्या फ्लीटवुडमधून लेस्टरकडे आला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग विजेता झाला. उलट फ्रेडी आडू २००४ मध्ये, चौदाव्या वर्षी, डीसी युनायटेडसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. त्या वेळी फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्या प्रत्येकाने त्याला कधी ना कधी संघात घेतले असेल. आमच्या सेव्हमध्ये तो जगातला सर्वोत्तम खेळाडू झाला, प्रत्यक्षात ती उंची त्याला गाठता आली नाही. चौदाव्या वर्षी एवढे ओझे ज्याच्या खांद्यावर ठेवले गेले त्या मुलाविषयी मला आजही वाईट वाटते. त्यामुळेच खेळातसुद्धा मी सोळा वर्षांच्या मुलाला पत्रकार परिषदेत डोक्यावर चढवत नाही.

झटपट_थ्रो

माझे मत अनेकांना पटणार नाही. तुकडी येण्याच्या आदल्या दिवशी सेव्ह करून ठेवावी आणि चांगला मुलगा मिळेपर्यंत ती पुन्हा पुन्हा उघडावी. वेळ आपला, खेळ आपला.

मधली_फळी

खेळ तुमचा आहे, त्यामुळे मनाई कोणीच करणार नाही. पण असा मिळालेला मुलगा वाढवण्यात मला गोडी वाटणार नाही. जो आला त्याच्याकडून काय घडवता येते, हा या खेळाचा प्राण आहे. शिवाय धागाकर्त्यांची अडचण मुलगा मिळण्याची नव्हतीच, मिळालेल्या मुलाचे पुढे काय करावे ही होती. उत्तम मुलगा दहा वेळा सेव्ह उघडून मिळवला आणि त्याच गटात, त्याच बाकावर बसवला, तर पाच वर्षांनी असाच धागा निघेल.

पेनल्टी_क्षेत्र

विकण्याचा मुद्दाही बोलून घेऊ. धागाकर्त्यांनी न विकण्याला निष्ठा मानलेले दिसते. माझ्या मते ज्या मुलाला दोन वर्षे संघात जागा देता येणार नाही, त्याला योग्य क्लबला विकणे हेच त्याच्या हिताचे असते. पुढील विक्रीतला हिस्सा आणि परत विकत घेण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. साउथहॅम्प्टनने थिओ वॉलकॉट, गॅरेथ बेल, ॲलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेन, ल्यूक शॉ हे सगळे घडवले आणि सगळेच मोठ्या क्लबांना विकले, त्यामुळे त्या अकॅडमीचे नाव कमी झाले नाही.

लांब_पल्ल्याचा_पास

पेनल्टी_क्षेत्र, हिशेब बरोबर आहे, पण प्रत्येक क्लबने तोच हिशेब करावा असे नाही. २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हांतेविरुद्ध बार्सिलोनाचे अकराच्या अकरा खेळाडू काही काळ स्वतःच्या अकॅडमीत घडलेले होते. तसे एकदा आपल्या सेव्हमध्ये घडावे म्हणून मी पंधरा हंगाम खेळत आलो आहे आणि त्यासाठी काही आकर्षक रकमा नाकारल्या, त्याचे मला दुःख नाही.

नोंदणीचे नियमही घरच्या मुलांच्या बाजूचे आहेत. युएफाच्या स्पर्धांत पंचवीस जणांच्या यादीतल्या आठ जागा देशात घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव असतात आणि त्यांपैकी किमान चार खेळाडू क्लबनेच घडवलेले, म्हणजे पंधरा ते एकवीस या वयात तीन हंगाम तिथे नोंदलेले, असावे लागतात. तसे नसतील तर यादी तेवढी लहान होते. तीन ताऱ्यांच्या घरच्या मुलाची खरी किंमत हंगाम युरोपात गेला की कळते.

राखीव_बाक

तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण मध्ये पूर्ण एक हंगाम खेळून पाहायचा होता.

तुमच्या प्रतिसादांवरून आधी घडले ते मांडून पाहिले. त्या जुन्या गटातील कर्णधाराची जिद्द ९ निघाली. मुलगा त्याच्या गटात तीन वर्षे होता. ज्या उन्हाळ्यात आम्ही वरच्या श्रेणीत गेलो, त्याच उन्हाळ्यात मी त्याच्या जागेवर दोन मध्यरक्षक विकत घेतले होते, म्हणजे डावा_पाय यांचा अंदाज तंतोतंत खरा होता. सुविधांवर मी जो खर्च केला त्याचा लाभ नंतरच्या तुकड्यांना मिळेल, या मुलाचे सुविधांअभावी काही अडलेच नव्हते. त्याला सामने हवे होते आणि माझ्याकडे सामने होते, पण ते मी दुसऱ्यांना दिले.

उंच_चेंडू यांच्या सल्ल्याप्रमाणे त्याला तिसऱ्या श्रेणीतल्या, वरच्या अर्ध्यात असलेल्या एका क्लबकडे हंगामभर पाठवले. खेळण्याची वेळ आणि जागा दोन्ही करारात लिहून घेतल्या. तो ४१ सामने खेळला, सरासरी ७.०८. पासिंग १४ झाले, निर्णयक्षमता १२. साडेचार ताऱ्यांचा खेळाडू तो आता बहुधा होणार नाही. अठरा ते एकवीसची ती वर्षे परत मिळत नाहीत हे मला पटले आहे. पण पुढच्या हंगामात तो आमचा चौथा मध्यरक्षक म्हणून सुरुवात करेल आणि क्लबमध्ये घडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव असेल.

लांब_पल्ल्याचा_पास यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही शोधले. त्या तुकडीतील बाकी सहा मुलांना मी अठराव्या वर्षी मुक्त केले होते. त्यांतला एक उजवा बचावपटू आज दुसऱ्या श्रेणीत नियमित खेळतो. स्काउट त्याचा सामना पाहायला रवाना झाला आहे.

दरम्यान नवी तुकडी आली. तिच्यात एक डावखुरा बचावपटू आहे, साडेतीन तारे, स्वभाव ‘ड्रिव्हन’. त्याला अठरा वर्षांखालील संघातच ठेवले आहे. मेंटरिंगसाठी तेहतीस वर्षांचा, ‘मॉडेल प्रोफेशनल’ असा एक राखीव गोलरक्षक फुकट घेतला आहे. फक्त एक शंका आहे: गोलरक्षकाच्या गटात बचावपटू ठेवला तर चालते का?

मधली_फळी

चालते. स्वभाव उतरण्यासाठी जागा एकच असावी लागत नाही. मात्र त्या गोलरक्षकाला अधूनमधून चषकाचे सामने द्या. नवा आणि न खेळणारा खेळाडू संघात वजन मिळवत नाही आणि वजन नसेल तर मुले त्याचे ऐकणार नाहीत. गटात तिसरा म्हणून तुमचा तो लोनवरून परतलेला मध्यरक्षक मात्र इतक्यात घेऊ नका, आधी त्याच्या रकान्यातला शब्द बदलू द्या.

राखीव_बाक

समजले. त्याला वेगळ्या गटात ठेवतो, आणि चषकाच्या दुसऱ्या फेरीत गोलरक्षक बदलतो.